माळ्यावरचा पीसी आणि घरातला प्रिंटर

'जुनं ते सोनं' ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याच्या घरी जुना कॉम्प्युटर नसणार हे नक्की! सोनं मोडून पैसे तरी येतात. जुना पीसी भंगारवाला तराजूत टाकतो आणि वर 'साहेब, यात तांबं कुठंय?' असं विचारतो.

आमच्या घरी असा एक पीसी माळ्यावर पडून होता. २००९ साली घेतलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. एकेकाळी त्यावर क्रोशाचं कव्हर असायचं, उदबत्ती ओवाळून झाल्याशिवाय दसऱ्याला त्याचं बटण दाबायची परवानगी नसायची. नंतर लॅपटॉप आले आणि हे महाशय जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या घरातले पीसी आज ना उद्या त्याच माळ्याच्या वाटेवर आहेत. म्हणून हा लेख.

अडचण काय होती?

प्रिंटर एक आणि गिऱ्हाईकं चार. बाबा घरीच दस्तलेखनाचं काम करतात, त्यामुळे प्रिंटर यूएसबी वायरने त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेला. आई शिक्षिका, तिला प्रश्नपत्रिका काढायच्या. धाकट्या बहिणीचे फॉर्म आणि हॉल तिकिटं. मी सुट्टीत घरी गेलो की माझा प्रोजेक्ट रिपोर्ट. प्रत्येकाने फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, बाबांच्या खोलीच्या दारात उभं राहायचं आणि 'थांब, पक्षकार बसलेत' हे ऐकून परत फिरायचं. त्यात पेन ड्राइव्हबरोबर बाबांच्या मशीनमध्ये व्हायरस गेला तो वेगळाच.

विंडोजमधून प्रिंटर 'शेअर' करता येतो हे खरं. मीही आधी तेच केलं. पण मग बाबांचा कॉम्प्युटर कायम चालू हवा. शिवाय २०२१ च्या जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी त्रुटी उघड झाल्यापासून विंडोजने या शेअरिंगचे नियम कडक केले आहेत. ते योग्यच, पण त्यामुळे वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या मशीनमध्ये जुळवाजुळव करताना नाकी नऊ येतात. तेव्हा विचार केला, की प्रिंटरला स्वतःचा एक कारकून द्यावा. त्याचं काम एकच, सगळ्यांकडून कागद घ्यायचे, रांगेत लावायचे आणि एकेक करून छापून घ्यायचे. अशा कारकुनाला म्हणतात प्रिंट सर्व्हर.

प्रिंटर एवढा मठ्ठ का असतो?

पुढे जाण्याआधी थोडी थिअरी. (व्हायव्हाला विचारत नाहीत, पण कामाची आहे.)

ए-४ कागद ६०० डीपीआयवर छापायचा तर आडवे सुमारे ४९६० आणि उभे ७०१६ ठिपके होतात. गुणाकार केला तर जवळजवळ ३ कोटी ४८ लाख. काळा-पांढरा म्हणजे एका ठिपक्याला एक बिट धरला तरी एका पानाला साधारण ४.३५ एमबी लागतात. आता आपण 'प्रिंट' म्हणतो तेव्हा आपल्याकडे असतात अक्षरं, रेघा आणि चित्रं. त्यांचे हे ठिपके कुणीतरी करायला हवेत. ते कुणी करायचे, यावरून प्रिंटरच्या दोन जाती पडतात.

पहिली जात हुशार. १९८५ साली आलेला अ‍ॅपलचा लेझररायटर घ्या. किंमत ६९९५ डॉलर. त्याच्या पोटात १२ मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला ६८००० आणि १.५ एमबी रॅम होती, आणि ज्या मॅकिंटॉशने त्याला काम सांगायचं त्याचा प्रोसेसर होता ८ मेगाहर्ट्‌झचा! म्हणजे साहेबापेक्षा शिपाई हुशार. कॉम्प्युटर फक्त पोस्टस्क्रिप्ट या भाषेत पानाचं वर्णन पाठवायचा, ठिपके प्रिंटर करायचा. एवढा महाग प्रिंटर एकट्याला परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून तो पहिल्यापासून नेटवर्कवर अनेकांनी मिळून वापरण्यासाठीच बनवला होता. म्हणजे आपण जे करतोय ती कल्पना चाळीस वर्षं जुनी आहे.

दुसरी जात आपल्या घरातली. किंमत कमी ठेवायची म्हणून यातली हुशारी काढून घेतली. ठिपके करायचं काम कॉम्प्युटरने करायचं, प्रिंटरने फक्त ते कागदावर उमटवायचे. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसलेल्या एचपी लेझरजेट १०२० मध्ये स्मृती फक्त २ एमबी. वरच्या हिशोबाने त्यात एक पानही मावत नाही, म्हणून ठिपके दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, पाठवावे लागतात. आणखी गंमत म्हणजे त्याचं फर्मवेअरसुद्धा त्याच्याजवळ कायम राहत नाही. बंद करून चालू केला की कॉम्प्युटरने ते दर वेळी नव्याने पाठवायचं. रोज सकाळी स्वतःचं नावही आठवत नाही असा माणूस म्हणा ना!

या दुसऱ्या जातीमुळेच नुसती वायर फिरवून भागत नाही. प्रिंटरच्या शेजारी थोडं डोकं लागतं. आणि ते डोकं माळ्यावर होतं.

कप्स म्हणजे काय

लिनक्सवर छपाईचं सगळं काम 'कप्स' नावाची प्रणाली बघते. कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम हे तिचं पूर्ण नाव. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली आणि १९९९ मध्ये पहिल्यांदा बाहेर आली. २००७ मध्ये अ‍ॅपलने ती विकत घेतली, कारण मॅकही तिच्यावरच छापतो. २०१९ च्या शेवटी स्वीट अ‍ॅपलमधून बाहेर पडले आणि पुढे ओपनप्रिंटिंग या गटाबरोबर त्यांनी काम चालू ठेवलं.

तिचं काम असं चालतं. लॅपटॉपवरून आलेली फाइल आधी डिस्कवर उतरवली जाते, याला स्पूल म्हणतात. मग ती रांगेत लागते. तिची पाळी आली की एकामागून एक गाळण्यांतून, म्हणजे फिल्टर्समधून जाते. पीडीएफचे ठिपके होतात, ठिपक्यांची त्या विशिष्ट प्रिंटरला कळेल अशी भाषा होते. शेवटी बॅकएंड नावाचा भाग ते यूएसबीवरून प्रिंटरला देतो. लॅपटॉप आणि सर्व्हर आपसात बोलतात ती भाषा आयपीपी, आणि तिचा पोर्ट ६३१. हा आकडा लक्षात ठेवा.

जाता जाता एक गोष्ट. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये झेरॉक्सचा एक नवा लेझर प्रिंटर आला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय केली होती, की कागद अडकला की वाट बघणाऱ्या सगळ्यांना निरोप जाईल. नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच मिळेना. ज्यांच्याकडे होता त्यांनी तो न देण्याचा करार केलेला. ही ठेच स्टॉलमनना चांगलीच लागली, आणि १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज आपण फुकट वापरतो त्या लिनक्सच्या मागे एक अडकलेला प्रिंटर आहे, हे विसरू नका!

प्रत्यक्ष कृती

१. आधी साफसफाई. पीसी उघडून ब्रशने धूळ काढली. पंख्याच्या पात्यांवर एवढी धूळ होती की आईने विचारलं, 'हे चालत तरी कसं होतं?' मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलला. तो संपला असेल तर दर वेळी तारीख आणि बायोसची सेटिंग्ज पुसली जातात.

२. बायोसमध्ये दोन बदल. एक, लाईट जाऊन आली की मशीनने आपोआप चालू व्हावं. दोन, कीबोर्ड नसला तरी अडून बसू नये. हे दोन बदल केले की मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं काढून टाकता येतं. राहतो फक्त डबा.

३. पेन ड्राइव्हवरून डेबियन टाकलं. डेस्कटॉप घेतला नाही, फक्त एसएसएच सर्व्हर आणि नेहमीची साधनं निवडली. २ जीबी रॅम म्हणजे या कामाला चैन आहे. एक सावधगिरी मात्र हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा असल्याने माझं निभावलं. पेन्टियम ४ च्या काळातलं ३२ बिट मशीन असेल तर डेबियन १२ घ्यावं लागेल.

४. मग कप्स, अवाही आणि प्रिंटरचा ड्रायव्हर. अवाहीचं काम दवंडी पिटण्याचं. 'या घरात असा असा प्रिंटर आहे हो' असं ते नेटवर्कवर सांगत राहतं, म्हणून फोनलाही तो आपोआप दिसतो. ड्रायव्हर आहे की नाही हे ओपनप्रिंटिंगच्या यादीत सगळ्यात आधी बघा, नाहीतर वरची सगळी मेहनत पाण्यात! इथे जुन्या पीसीची एक बाजू बळकट आहे. काही कंपन्या ड्रायव्हर देतात तो फक्त इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी तयार केलेला असतो. तो रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर चालत नाही, आपल्या डब्यावर चालतो.

५. स्वतःला 'एलपीअ‍ॅडमिन' या गटात घालायचं, आणि 'कप्सकंट्रोल' या आज्ञेने घरातल्या नेटवर्कवरून प्रिंटर वापरायला व व्यवस्था बघायला परवानगी द्यायची. पुढचं सगळं ब्राउझरमधून. सर्व्हरचा पत्ता, त्यापुढे ६३१, की कप्सचं पान उघडतं. तिथे प्रिंटर जोडा, 'शेअर'च्या चौकटीत खूण करा, चाचणीचं पान काढा. ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीत बंद होतील अशी सूचना मधूनच येते. आज काम चालतं, घाबरू नका.

६. लॅपटॉपवर विंडोज असेल तर 'प्रिंटर जोडा'मध्ये जाऊन पत्ता द्यायचा. आधी एचटीटीपी, मग सर्व्हरचा पत्ता आणि ६३१, मग 'प्रिंटर्स' आणि शेवटी रांगेचं नाव. अँड्रॉइडवर आवृत्ती ८ पासून छपाईची सोय आतच आहे. आईने पहिल्यांदा स्वयंपाकघरातून फोनवरची प्रश्नपत्रिका छापली आणि बाहेरच्या खोलीत प्रिंटर घरघरला, तेव्हा मला गेट पास झाल्याएवढा आनंद झाला.

पहिली परीक्षा, आणि मी नापास

सुट्टी संपली, मी हॉस्टेलला आलो. तीन आठवड्यांनी रात्री नऊ वाजता बहिणीचा फोन. 'दादा, तुझा प्रिंटर मेला.' दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म सही करून कॉलेजात द्यायचा शेवटचा दिवस.

मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून बाबांना फोनवर आज्ञा सांगू लागलो. डब्याला मॉनिटर लावला, कीबोर्ड लावला. 'बाबा, स्लॅश टाका.' 'स्लॅश म्हणजे कुठली रेघ रे? डावीकडे कललेली की उजवीकडे?' पाऊण तास असा गेला. मग पलीकडून बहिणीचा आवाज, 'राहू दे, झालं.' तिने प्रिंटरची वायर डब्यातून काढून पूर्वीसारखी बाबांच्या कॉम्प्युटरला लावली, पेन ड्राइव्हवरून फॉर्म छापला आणि मोकळी झाली. पाच मिनिटांत! पुढचे पंधरा दिवस वायर तिथेच होती. माझा सर्व्हर रिकामाच चालू.

चूक माझीच होती. संध्याकाळी लाईट गेली होती. राउटर परत चालू झाला तेव्हा त्याने सगळ्यांना नव्याने पत्ते वाटले. सर्व्हरचा जुना पत्ता कुणाच्या तरी फोनला गेला, आणि सगळे लॅपटॉप त्या फोनला 'हे छाप' म्हणून सांगत बसले. उपाय दोन मिनिटांचा. राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

बाबांचा प्रश्न

पुढच्या सुट्टीत मी हे दुरुस्त करत असताना बाबांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. 'हे चोवीस तास चालणार. बिल किती येईल?'

सेमिस्टरभर पॉवर शिकूनही मी हा हिशोब केलेला नव्हता. लॅबमधला वॉटमीटर मागून आणला. डबा नुसता बसून ५८ वॉट खात होता. ५८ गुणिले २४ गुणिले ३० म्हणजे महिन्याला जवळजवळ ४२ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ३३४ रुपये. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे २ रुपयांनी १६७ पानं निघाली असती! महिन्याला आमच्या घरी तेवढी पानं निघतच नाहीत. म्हणजे मी फुकटातला सर्व्हर म्हणून मिरवत होतो तो रोज अकरा रुपयांचा चहा पीत होता.

मग वेळापत्रक लावलं. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते १०, असे सात तास. लिनक्समध्ये 'आरटीसीवेक' नावाची आज्ञा आहे. ती मशीन बंद करताना मदरबोर्डच्या घड्याळात गजर लावून ठेवते. क्रॉनमधून सकाळी १० ला 'बंद हो, आठ तासांनी ऊठ' आणि रात्री १० ला 'बंद हो, नऊ तासांनी ऊठ' असं सांगितलं. आधी रांग रिकामी आहे ना हे बघायचं, म्हणजे छापता छापता दिवा विझणार नाही. मधेच लागलं तर बटण आहेच. ही युक्ती प्रत्येक मदरबोर्डवर चालते असं नाही, एकदा पाच मिनिटांचा गजर लावून खात्री करून घ्या.

आता खर्च महिन्याला सुमारे १२ युनिट, म्हणजे ९७ रुपये. शेजारी हे आकडेही ठेवा. जुना लॅपटॉप असेल आणि तो १४ वॉट घेत असेल, तर चोवीस तास चालवूनही १० युनिट, ८१ रुपये. शिवाय त्याची बॅटरी बरी असेल तर घरचा यूपीएस. रास्पबेरी पायसारखा बोर्ड ४ वॉटवर २.९ युनिट, २३ रुपये. पण तो विकत घ्यावा लागतो. सगळं मिळून ५००० रुपये धरले, तर चोवीस तास चालणाऱ्या डब्याच्या तुलनेत सोळा महिन्यांत पैसे वसूल होतात, आणि सात तास चालणाऱ्या डब्याच्या तुलनेत साडेपाच वर्षांनी. म्हणजे 'जुना पीसी वापरावा की नवा बोर्ड घ्यावा' याचं उत्तर, तो पीसी तुम्ही किती तास चालू ठेवता यावर आहे. घरात जुना लॅपटॉप असेल तर मात्र विचारच करू नका, तोच घ्या.

सुरक्षेबद्दल दोन शब्द

६३१ हा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये 'कप्स-ब्राउज्ड' या जोडप्रोग्रॅमची त्रुटी उघड झाली, ज्यात बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर तुमच्या गळ्यात मारू शकत होता. इतरांचे प्रिंटर शोधणं हे त्याचं काम. आपल्याला त्याची गरज नाही, तो काढून टाकला तरी चालतं. अपडेट्स मात्र नियमित घ्या.

दुसरं, छापून झालेली फाइल कप्स नेहमीच्या सेटिंगमध्ये एक दिवस जपून ठेवतं. बाबांच्या दस्तांत लोकांचे आधार क्रमांक, जमिनीचे गट नंबर असतात. ते आमच्या डब्यात पडून राहणं बरं नाही. म्हणून ते सेटिंग बंद केलं. आईच्या प्रश्नपत्रिकेच्या बाबतीतही तेच!

हॉस्टेलवर करायचं असेल तर

विंगमध्ये चार जणांनी मिळून प्रिंटर घेतला असेल तर हीच पद्धत चालते. पण आधी रेक्टर सरांची परवानगी घ्या, कारण चोवीस तास चालणाऱ्या डब्याचं बिल इथे संस्था भरते. कॉलेजचं नेटवर्क वेगवेगळ्या भागांत विभागलेलं असतं, त्यामुळे अवाहीची दवंडी शेजारच्या भागात ऐकू जात नाही. अशा वेळी पत्ता हाताने टाकायचा. काही वाय-फायवर एका मशीनला दुसरं दिसूच देत नाहीत. तिथे आपला स्वतःचा छोटा राउटर लावायचा मोह होईल. तोही विचारल्याशिवाय लावू नका. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री कागद कुणी आणायचा, हे मात्र कुठलंही सॉफ्टवेअर ठरवून देत नाही.

शेवटी

सगळं झाल्यावर मी एक चिठ्ठी लिहून डब्यावर चिकटवली. पत्ता, ६३१, रांगेचं नाव, पासवर्ड कुठे आहे, असं बरंच काही. पुढच्या वेळी घरी गेलो तर चिठ्ठी बदललेली. आईच्या अक्षरात, वहीच्या कागदावर चार ओळी:

'प्रिंट येत नसेल तर
१) प्रिंटर बंद करून चालू करा.
२) डब्याचं बटण दाबा, तीन मिनिटं थांबा.
३) तरी नाही आली तर वायर बाबांच्या कॉम्प्युटरला लावा. दादाला फोन करू नका, त्याची परीक्षा असेल.'

माझ्या चिठ्ठीपेक्षा ती चांगली होती, म्हणून मी तीच राहू दिली. तिसरी ओळ आजवर दोनदा उपयोगी पडली आहे. दोन्ही वेळा मला ते घरी गेल्यावर कळलं.